रडू येतंय, रडत नाहीये

सात-आठ वर्षांपूर्वी एका इस्पितळासाठी मी चार पानांचं माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत आणलं होतं. पक्षाघातानंतर घरच्यांनी काय पाहावं, काय टाळावं, असा विषय. कन्नड पत्रक तयार होतं. बेळगाव-निपाणीकडून मैसूरला येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी मराठी हवं होतं. त्यात एका उपशीर्षकात ‘इमोशनल डिसरेग्युलेशन’ असा शब्द होता. मी फार विचार न करता ‘भावनांवरील नियंत्रण सुटणे’ असं लिहिलं. कुणी हरकत घेतली नाही. मानधन आलं आणि मी ते विसरून गेले.

गेल्या वर्षी आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. महिन्याभराने मी तिला मिरजेहून मैसूरला घेऊन आले. बोलणं शाबूत होतं, आठवण शाबूत होती, पण दिवसातून पाच-सहा वेळा तिला रडू कोसळायचं. निमित्त काहीही चालायचं. दूधवाल्याने तब्येत विचारली तरी, फोनवर नातवाचा आवाज आला तरी. एकदा शेजारच्या बाई दिराच्या निधनाचं सांगत असताना तिला हसू फुटलं आणि ते थांबेचना. त्याच सुमारास माझं ते पत्रक फिरून आमच्याच घरी आलं. आईने चष्मा लावून सगळं वाचलं, त्या उपशीर्षकापाशी थांबली आणि म्हणाली, “म्हणजे माझा ताबा सुटलाय म्हणायचा.” पुढे दोन दिवस कुणी भेटायला आलं की ती आतल्या खोलीत जाऊन पडायची. पत्रक कुणी लिहिलंय हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने कन्नडमध्ये विचारलं, “याके अळ्तीरा अम्मा, बेजारागुत्ता?” म्हणजे, का रडताय, वाईट वाटतंय का? मैसूरच्या कन्नडमध्ये ‘बेजार’ म्हणजे खिन्न, उदास, कंटाळलेलं. आईच्या मिरजेच्या कानाला ते आपलं ‘बेजार’ वाटलं, हैराण या अर्थाचं. ती म्हणाली, “बेजार तर झालेच आहे. पण मी रडत नाहीये गं. मला रडू येतंय.”

हे वाक्य मी कन्नडमध्ये शब्दाला शब्द ठेवून सांगितलं आणि त्या मुलीला ते लगेच कळलं. ‘ननगे अळु बर्तिदे’ : मला रडू येतंय. रचना तीच. मुलीने मान हलवली, वहीत काहीतरी टिपलं आणि व्यायाम सुरू केला. संध्याकाळी मी तेच वाक्य इंग्रजीत करून पाहिलं. अजून करून पाहतेच आहे.

आईने केलेला हा फरक मज्जाविज्ञानात शंभरेक वर्षांपासून ओळखीचा आहे. डार्विनने १८७२ च्या आपल्या भावाभिव्यक्तीवरच्या पुस्तकात मेंदूच्या काही विकारांत माणसं विनाकारण रडू लागतात अशी नोंद केली होती. लंडनचे मज्जातज्ज्ञ किन्निअर विल्सन यांनी १९२४ मध्ये या विकृत हसण्या-रडण्यावर सविस्तर लिहिलं. त्यांच्या मांडणीचा गाभा असा : रडण्याची यंत्रणा, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू, श्वास, घसा यांना एकत्र हलवणारी व्यवस्था, मेंदूच्या देठात असते. वरच्या भागांकडून तिच्याकडे येणारे मार्ग दुखावले की ती व्यवस्था क्षुल्लक कारणाने, कधी विनाकारणही, चालू होते. आत दुःख असेलच असं नाही. आज याला ‘स्यूडोबल्बर अफेक्ट’ म्हणतात, त्यावर औषधंही आहेत. मुद्दा इतकाच की दुःख होणं आणि रडू येणं या मेंदूच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरवी त्या इतक्या लगटून येतात की वेगळ्या दिसत नाहीत. आईच्या बाबतीत त्यांची फारकत झाली होती आणि त्या फारकतीसाठी तिच्या भाषेत आधीपासून जागा होती. माझ्या पत्रकात मात्र नव्हती.

ही जागा व्याकरणाची आहे. मराठीत राग, भीती, लाज, कीव, हसू, रडू, आठवण, झोप, भूक यांतलं बहुतेक काही ‘मी’ करत नाही. ते ‘मला’ येतं, वाटतं, होतं, लागतं, सुटतं. मराठी, हिंदी, बंगाली, कन्नड, तमिळ, वेगवेगळ्या कुळांच्या या भाषांमध्ये ही रचना सापडते. १९९० मध्ये मणींद्र वर्मा आणि के. पी. मोहनन यांनी संपादित केलेला एक अख्खा ग्रंथ दक्षिण आशियातल्या या ‘अनुभवक’ कर्त्यावर आहे. मी राहते त्या भागापासून मानसगंगोत्री जवळ आहे. विद्यापीठाच्या परिसराला हे नाव कुवेंपूंनी दिलं. भारतीय भाषा संस्थानही तिथेच आहे आणि वाचा-श्रवण संस्थाही तिथेच. एका ठिकाणी भाषांचा अभ्यास, दुसऱ्या ठिकाणी तुटलेल्या बोलण्यावर उपचार. मनाच्या गंगोत्रीवर हे दोघे शेजारी आहेत हा योगायोग मला आवडतो, बाकी त्याचा काही अर्थ लावायचा नाही.

मराठीची खुबी अशी की ती ‘येण्या’पाशी थांबत नाही. मला राग येतो. मग मी तो धरतो, गिळतो, आवरतो, काढतो, कुणावर तरी करतो; किंवा माझं काही न चालता तो निवतो, जातो, ओसरतो. आलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं हे क्रियापद सांगतं, नाम तेच राहतं. काळजीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. काळजी वाटते, काळजी करतो, काळजी घेतो. नुसतं क्रियापद बदललं की माणूस घालमेलीतून निघून औषधाच्या वेळा पाळायला लागतो. इंग्रजीत या तिन्हींसाठी वेगवेगळे शब्द घ्यावे लागतील.

आता मेंदू आणि भावना यांवरचं आपलं आजचं मराठी गद्य पाहा. पुरवण्यांतले लेख, अनुवादित स्वमदत पुस्तकं, पालकांसाठीच्या पुस्तिका. (माझं पत्रक याच ढिगातलं, म्हणून बोलायचा हक्क आहे.) इथे भावनेला दोनच क्रियापदं मिळतात : ती ‘उफाळते’ आणि तिच्यावर ‘नियंत्रण ठेवलं’ जातं. डॅनियल गोलमन यांचं १९९५ चं पुस्तक आपल्याकडे ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द रुळवून गेलं, तसंच ‘अमिग्डला हायजॅक’ हे चित्रही. मेंदूच्या आत बदामाएवढा एक दांडगट बसला आहे, तो संधी मिळताच विमान पळवतो, आणि कपाळामागे बसलेल्या शहाण्या वैमानिकाने त्याला काबूत ठेवायचं आहे. याच्या जोडीला पॉल मॅक्लीन यांचा तीन मजली मेंदू असतोच : तळाला सरडा, मध्ये सस्तन प्राणी, वर माणूस. मेंदूची उत्क्रांती अशी मजल्यावर मजला चढवत झाली नाही हे त्या विषयाचे अभ्यासक केव्हाचे सांगताहेत, तरी आपल्या लेखांतला सरडा काही मरत नाही.

तो मरत नाही याचं एक कारण मला वाटतं आपल्या कानात आधीच बसलेला रथ. कठोपनिषदातला. पण तिथेही आपण गफलत करतो. त्या रूपकात घोडे म्हणजे इंद्रियं, सारथी म्हणजे बुद्धी आणि मन म्हणजे लगाम. आपण मात्र ‘मनाला लगाम घाला’ असं म्हणतो. लगामालाच लगाम. या घसरणीने मन आपोआप जनावर ठरतं, आणि मग इंग्रजीतून आलेला अमिग्डलाचा दांडगट त्या जनावराच्या जागी आयता बसतो.

गंमत म्हणजे ज्या शास्त्रज्ञामुळे अमिग्डला इतकी प्रसिद्ध झाली त्या जोसेफ लदू यांनाच पुढे आपल्या शब्दांची बोच लागली. उंदरांवरच्या त्यांच्या प्रयोगांतून अमिग्डला ‘भीतीचं केंद्र’ म्हणून जगभर गेली. २०१४ मध्ये त्यांनी एक लेख लिहून सांगितलं की आपण मोजत होतो ते धोका ओळखून शरीराने दिलेलं उत्तर. भीती वाटणं हा अनुभव वेगळा, आणि दोन्हींना एकच शब्द वापरल्याने घोळ झाला. अनुवादकाने हा लेख वाचावा असाच आहे. एक मोठा संशोधक आपल्याच संज्ञेचं भाषांतर दुरुस्त करतोय. आणि पुरावाही आहे. दुर्मीळ आजाराने दोन्ही बाजूंची अमिग्डला नष्ट झालेली एक बाई संशोधनात ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिला साप, कोळी, भयपट, कशाची भीती वाटत नव्हती. २०१३ मध्ये तिला आणि तशाच दोन रुग्णांना कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेली हवा श्वासातून दिली, तेव्हा तिघींचीही घबराटीने दाणादाण उडाली. भीतीचं ‘केंद्र’ नसताना भीती आली. येण्याचे मार्ग अनेक असतात, असं मराठीत सहज म्हणता येतं. ‘नियंत्रणकक्ष’ या शब्दातून ते म्हणता येत नाही.

‘रेग्युलेशन’ या शब्दाचं काय करायचं हा प्रश्न मग उरतो. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ पासून जी मांडणी केली तिच्यात ताबा ठेवणं हा एकच प्रकार नाही. प्रसंगच टाळणं, प्रसंगात फेरफार करणं, लक्ष दुसरीकडे नेणं, घडलेल्याकडे वेगळ्या नजरेने पाहणं, आणि सगळ्यात शेवटी, भावना पुरती आल्यावर, ती चेहऱ्यावर दिसू न देणं. असे पाच टप्पे ते मानतात. पत्रकाची दुरुस्ती करायला बसले तेव्हा मी या पाचांसाठी पारिभाषिक शब्द शोधत होते. ‘संज्ञानात्मक पुनर्मूल्यांकन’ असा एक शब्द कोशातून काढलाही. मग आई स्वयंपाकघरातून मामीशी फोनवर बोलताना ऐकलं : “काय करणार, मनाची समजूत घालते.” पुनर्मूल्यांकन ते हेच. लक्ष वळवणं म्हणजे मन रमवणं. चेहऱ्यावर दिसू न देणं म्हणजे गिळणं. यांतला एकही शब्द मला घडवावा लागला नाही.

गिळणं आणि समजूत घालणं यांतला फरक प्रयोगांतही दिसतो. ग्रॉस आणि लेव्हेन्सन यांच्या १९९३ च्या अभ्यासात लोकांना शस्त्रक्रियेची किळसवाणी फिल्म दाखवली आणि काहींना चेहरा कोरा ठेवायला सांगितलं. चेहरे कोरे राहिले. किळस तेवढीच वाटली, आणि शरीरातली काही चलबिचल उलट वाढली. २००२ मध्ये केव्हिन ऑक्स्नर आणि सहकाऱ्यांनी माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून त्रासदायक चित्रं दाखवली आणि त्या चित्रांचा अर्थ बदलून पाहायला सांगितलं. कपाळामागच्या भागात हालचाल वाढली, अमिग्डलात कमी झाली. नमुन्याचं चित्र होतं चर्चबाहेर रडणाऱ्या बायकांचं. ही अंत्ययात्रा नसून लग्न आहे असं समजा, म्हणजे रडणं सुसह्य होईल, अशी सूचना. वाचून मला हसू आलं. आमच्याकडे पाठवणीच्या वेळी मांडवात जे रडणं चालतं ते पाहिलेल्या कुणालाही ही सूचना फारशी उपयोगी पडणार नाही. समजूत घालण्याची यंत्रणा सगळ्यांच्या मेंदूत असेल. समजुतीचा मजकूर मात्र ज्या त्या मांडवात लिहिलेला असतो.

इथवर मी आपल्या क्रियापदांची बाजू घेत आले, तेव्हा त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘आवर’ हा शब्द मला फार लागतो. ‘आवर स्वतःला’, ‘डोळे पूस, लोक बघताहेत’, ‘मुलीच्या जातीला एवढा राग शोभत नाही’. राग गिळणारी सून आपल्या कथा-कादंबऱ्यांत सोशिक म्हणून गौरवली गेली आणि गिळण्यालाच पुष्कळदा चारित्र्य मानलं गेलं. मुलग्यांना उलट रडणं गिळायला लावलं. तेव्हा ‘नियंत्रण’ परकं म्हणून वाईट आणि ‘आवरणं’ आपलं म्हणून चांगलं, इतकं हे सोपं नाही. पण म्हणून गिळणं सर्वत्र सारखंच घातक असतं असंही नाही. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की भावना दडपण्याची नात्यांतली किंमत माणसाच्या सांस्कृतिक मूल्यांप्रमाणे कमी-जास्त होते. मामी आल्यावर आईने आपला वैताग गिळला तर त्यात मायाही असते. पाश्चात्त्य स्वमदत पुस्तकांचे आपले अनुवादक ‘व्यक्त व्हा, व्यक्त व्हा’ असा घोष करतात तेव्हा त्यांना ही माया दिसत नाही. आणि परंपरेचे कैवारी ‘आवरा’ म्हणतात तेव्हा त्यांना ती सून दिसत नाही.

आपल्याकडे मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची एक जुनी रीतही आहे. रामदासांचे मनाचे श्लोक, दोनशे पाच, सगळे मनाला हाक मारून. घरोघरी ते मुलांना पाठ करायला लावत; मीही केले, अर्थ न कळता. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की तणावाच्या प्रसंगी ‘मी’ असं न म्हणता स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधलं तर माणूस लवकर सावरतो. हे वाचलं की लगेच ‘रामदासांना हे ठाऊकच होतं’ असं लिहायचा मोह होतो. तो टाळावा. रामदासांना स्कॅनरमधल्या आलेखाशी कर्तव्य नव्हतं. त्यांना भक्तीकडे वळणारं मन हवं होतं. बोलण्याची ढब सारखी आहे आणि हेतू वेगळा, एवढं म्हणणं पुरेसं आहे.

हा मोह मराठी समीक्षेला नवा नाही, म्हणून थोडं मागे जाते. १९४२ मध्ये के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ आला. रसव्यवस्थेची त्या काळच्या मानसशास्त्राशी, विशेषतः विल्यम मॅकडूगल यांच्या सहजप्रेरणा आणि स्थिरवृत्तींच्या मांडणीशी, सांगड घालणारा हा गंभीर आणि कष्टाचा ग्रंथ. आज तो वाचताना वाटवे यांची विद्वत्ता दिसते आणि मॅकडूगल मात्र जुना झालेला दिसतो. मानसशास्त्र पुढे गेलं, सहजप्रेरणांची ती यादी मागे पडली, आणि तिच्या आधाराने उभं केलेलं समर्थन लोंबकळत राहिलं. आज तीच चूक नव्या नावांनी होते. पार्माच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात माकडांत ‘आरसा-पेशी’ शोधल्या आणि काही वर्षांतच आपल्या परिसंवादांत साधारणीकरण म्हणजे आरसा-पेशी असं सांगितलं जाऊ लागलं. पॉल एकमन यांच्या सहा मूलभूत भावना आणि भरताचे आठ स्थायी यांचे तक्ते शेजारी शेजारी लावले गेले. भय तिथेही, भय इथेही. पण भरत रंगभूमीबद्दल बोलत होता. त्याच्या तेहतीस व्यभिचारी भावांत निद्रा, श्रम, व्याधी, आलस्य, मरणसुद्धा आहे. घाम, रोमांच, कापरा आवाज, अश्रू यांची सात्त्विक भाव म्हणून आणखी वेगळी मोजदाद आहे. शरीर आणि मन यांच्यात तो आपल्यासारखी भिंत घालत नाही. लिसा फेल्डमन बॅरेट २०१७ च्या पुस्तकात म्हणतात की भावना या शरीराच्या आतल्या खबरा, पूर्वानुभव आणि शब्द यांतून मेंदू दर वेळी घडवतो. तिथे भरत एकमनपेक्षा बॅरेटच्या जवळचा वाटू शकेल. पण असं जवळ-लांब मोजत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. दहा वर्षांनी बॅरेटचंही मॅकडूगल होऊ शकतं.

भरत आपल्याला वेगळ्या तऱ्हेने उपयोगी आहे आणि ते मला आईकडून कळलं. दुपारी ती टीव्हीवर मालिका बघते. एकदा नायिकेची आई मरते त्या भागात तिच्या डोळ्यांना धार लागली. मी धावत रिमोट शोधायला लागले, तर ती चिडून म्हणाली, “अगं राहू दे. हे मालिकेचं रडू आहे.” म्हणजे तिच्याकडे तीन रडणी होती : आजाराचं, जे येतं आणि जातं, तिचं स्वतःचं, बाबांच्या आठवणीचं, जे ती रात्री एकटी असताना रडते, आणि हे तिसरं, जे तिला हवं होतं. शोक आणि करुण यांत फरक करायला आपण विद्यार्थ्यांना किती पानं लिहायला लावतो. याच शहरात महाराजा कॉलेजात संस्कृत शिकवणारे म. हिरियण्णा यांनी कलानुभवावर जे निबंध लिहिले, ते १९५४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, एकत्र छापले गेले. कलेत माणूस आपल्या खाजगी हितसंबंधांतून थोडा वेळ सुटतो, आणि ती सुटका तात्पुरतीच असते, असं त्यांचं म्हणणं. मालिकेची कलात्मक योग्यता काय ते सोडा. चाळीस मिनिटं आईच्या अश्रूंवर तिच्या आजाराची मालकी नव्हती. हे भावनांचं नियमन आहे का? ग्रॉसच्या पाच टप्प्यांत मला याची जागा सापडत नाही, कारण इथे भावना कमी करायचीच नाहीये. मज्जाविज्ञानाला विचारण्यासारखा प्रश्न रसचर्चेतून निघतो तो हा. उत्तरं जुळवण्यापेक्षा असे प्रश्न पाठवणं मला बरं वाटतं.

भाषांतराच्या अंगाने अजून एक गोष्ट राहिली. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रसिद्ध प्रयोगात माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून खाली दिलेल्या दोन शब्दांतला योग्य शब्द निवडायला सांगितलं. भावनेला शब्द दिला की अमिग्डलातली हालचाल मंदावली. चेहऱ्याला नुसतं स्त्रीचं किंवा पुरुषाचं नाव दिल्यावर तशी मंदावली नाही. हा निष्कर्ष आता ‘भावनेला नाव द्या’ अशा सल्ल्याच्या रूपात सगळीकडे फिरतो. माझी शंका त्या दोन शब्दांपाशी आहे. समोर ठेवलेल्या दोन शब्दांत आपला शब्दच नसेल तर? ‘वाईट वाटतंय’ यात दुःख, खंत, अपमान, सहानुभूती सगळं मावतं. ‘कसंतरी होतंय’ याला इंग्रजी प्रश्नावलीत चौकटच नाही. आईला इस्पितळात एक छापील तक्ता भरायला दिला होता, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा. तिने मधल्या कोऱ्या चेहऱ्यावर खूण केली आणि मला म्हणाली, “यात घालमेल कुठे आहे?”

आणि कोणत्या भाषेतलं नाव? कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुर्की आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांच्या बोटांना त्वचेची विद्युतवाहकता मोजणारी उपकरणं लावली. लहानपणी आईवडील ज्या शब्दांत रागावत ते शब्द तुर्कीत ऐकल्यावर त्वचेने जास्त जोराने उत्तर दिलं. इंग्रजीत तेच शब्द ऐकल्यावर कमी. हे पटायला मला उपकरण नको. वीस वर्षं मैसूरात राहून मी रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये झकास भांडते. त्या भांडणानंतर रात्री झोप छान लागते. मराठीत कुणी ‘लाज नाही वाटत?’ म्हटलं की मी आजही नऊ वर्षांची होते. म्हणूनच ‘ताबा सुटलाय’ हे आईला इंग्रजीत कळलं असतं तर कदाचित इतकं लागलं नसतं. मी ते तिच्या भाषेत नेऊन ठेवलं होतं. आणि तिच्या भाषेत ताबा सुटतो तो दारुड्याचा किंवा उतारावरच्या गाडीचा.

पत्रकाची सुधारित आवृत्ती करायला इस्पितळाने या पावसाळ्यात परवानगी दिली. उपशीर्षक मी बदललं : ‘विनाकारण रडू किंवा हसू येणे’. खाली लिहिलं, “रुग्णाला अचानक रडू येतं आणि ते आवरत नाही. याचा अर्थ रुग्ण दुःखी आहे असा नाही.” छापायला द्यायच्या आधी कागद आईला दाखवला, आणि जुनं पत्रकही माझंच होतं हे तेव्हा सांगितलं. ती काही बोलली नाही. चष्मा लावून वाचत राहिली. मग पेन्सिल मागून ‘आवरत’ शब्दाखाली रेघ ओढली.

“थांबत नाही लिही. पाऊस थांबत नाही म्हणतो ना, तसं.”

मी बदल केला. कन्नड पत्रक करणाऱ्या सहकाऱ्याला फोन करून हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडेही तसं होईल, ‘अळु निल्लोदिल्ल’, आणि त्यानेही आपला शब्द बदलून घेतला. इंग्रजी पत्रकात अजून जुनंच उपशीर्षक आहे.